भरल्या उखळीवर जमादार

सांगणार : गफूरभाई आतषबाज, मेडशीच्या आतल्या अंगाचं एक गाव

अबे गफूर, बत्ती दे ना बे, खांदे तुटून राह्यले, दे ना बत्ती, असा किसन वरडून राह्यला पालखीच्या पुढच्या दांडीखालून, त्याच्या मानेच्या शिरा अशा फुगेल जशा वडाच्या पारंब्या, मांगून बाया वरडून राह्यल्या, ढोलवाले वरडून राह्यले, कोनाचं लेकरू भोकाड पसरून राह्यलं, अन् मी हातात पेटता पलिता घेऊन उभा. समोर माही उखळी. माह्या आज्याच्या आज्याची लोखंडी उखळी, दारूचा मसाला भरेल, ठासेल, तयार, नुसती बत्ती द्याची देर. अन् तिच्या तोंडावर कोन बसेल, तं आमचा पोलीस जमादार. टेकेल नाई बरं का, बसेल, पुरा, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, जशी बुढी उन्हाले बसते तसा. म्हने चाचा, आवाज निंघाला तं मले वरून विचारनार, मी अथून उठत नाई, काय कराचं ते करा. आता तुमीच सांगा, काय सांगू मी तुमाले, भरल्या तोफेले गप कराचं म्हून तिच्या तोंडावर स्वताचं बुड ठेवनारा मानूस मी जल्मात पाह्यला नव्हता. कायदा कायदा म्हन्तात, म्या तो डोयानं पाह्यला, माह्या उखळीवर बसेल होता अन् घामानं भिजेल होता.

पन असं मधातून सांगून तुमाले काई समजनार नाई. पयलेपासून आयका.

आमी अथचे मूळचे नाई. माह्या आज्याचा आजा निजामाच्या तोफखान्यात होता, गोलंदाज. फौज चालली होती, पावसाळ्याचे दिवस, पैनगंगेच्या गाळात तोफ रुतली ते रुतलीच. बैलं लावले, हत्ती लावले, हत्तीबी रुतला म्हन्तात, फौज म्हने जाऊ द्या अन् पुढं गेली, माह्या आज्याच्या आज्याले सांगतलं तू अथी राखनीले बस, आमी येतो न्याले. तो बसला. कोनी आलंच नाई. बसल्या बसल्या त्याची दाढी पिकली, लगन झालं, लेकरं झाले, तईसा तो म्हने आता काई हे येत नाई, अन् त्यानं तोफेच्या तोंडाकडचा तुकडा तोडून घेतला, बैलबंडीत टाकला अन् इकडं या गावात आला. तोच तुकडा ही उखळी. बाकीची तोफ आजून गाळात हाय, उन्हाळ्यात पानी आटलं का तिची पाठ वर दिसते, तथचे लोक म्हन्तात मगर हाय. खोटं सांगत असन तं जीभ झडो माही. पाहा, झडली का? नाई ना.

तवापासून आमचं घर आतषबाजाचं. बान, भुईनळे, झाडं, चक्कर, सारं आमी कराचो. झाड म्हनजे दारूचं झाड बरं का, बांबूचं उभं केलं, बत्ती देल्ली का फांदीफांदीतून सोनं गळे. माह्या बापानं केलेल्या झाडावर एकदा पाखरं येऊन बसले, त्याईले वाटलं खरंच बहर आला. अन् माहा सोताचा एक बान असा गेला का आलाच नाई. आजूनबी मी आंगनात खाट टाकली का उलसक बाजूले टाकतो, काय भरोसा, येईन एखाद्या दिवशी.

पन या साऱ्याहून मोठा मान उखळीचा. आमच्या गावात नाथबाबाची समाधी हाय. माघ पुनवेले यात्रा. दिवे लागाच्या वखती पालखी उठते, भोई खांद्यावर घेतात अन् उभे रायतात. चालत नाईत. काहून का नाथबाबा झोपेचे लय भारी, पालखीत बसले तरी झोपेतच, अन् झोपेल देवाले गावातून कसं फिरवाचं? म्हून उखळीचा बार कराचा. बार झाला का बाबा जागे झाले, मंग पुढचा भोई पयलं पाऊल उचलते. बार नाई तं पाऊल नाई. पुढच्या दांडीचा मान किसनच्या घरचा, उखळीचा आमचा. बार झाला का गरम उखळीवरच नारळ फोडाचा, अर्धा किसनच्या घरी, अर्धा माह्या घरी. माही बायको शकीलाबी त्या अर्ध्या नारळाची शेवयाची खीर करते अन् वाटी किसनकडं जाते, किसनच्या घरून त्याच्या अर्ध्याच्या करंज्या आमच्याकडं येतात. शेख लोकाईच्या घरी देवाचा नारळ कसा, असं आजलोक आमच्या गावात कोनी विचारलं नाई, अन् विचारलं असतं तं किसनच्या बापानं त्याले विहिरीत लोंबकळत ठेवलं असतं.

माह्या बापाचा बार तुमी आयकाले पायजे होता. बार झाला का मेडशीच्या स्टॅन्डवरची यष्टी आपोआप चालू होये, ड्रायवर चहा पेतच राहे अन् यष्टी निंघून जाये. इंझोरीत म्हशी येळेच्या आंधीच व्यायच्या. अनसिंगात एक बुढी होती, जल्माची बहिरी, ती म्हने काव सूनबाई, कोनं हाक मारली व मले?

आता तुमी म्हनसान गफूरभाई, एवढी आग, एवढा इस्तो घेऊन खेळता, कायदा पायजे का नाई? पायजे ना बाप्पा! माह्याहून जास्त कोनाले पायजे? माह्या बापाच्या डाव्या हाताले अंगठा अन् करंगळी, मधातलं सारं इस्त्यानं नेलं. तो हात डोक्शावरून फिरवून तो मले शिकवे. कायदा आमच्या घरात सरकारच्या आंधीपासून हाय. मसाला कुटाचा तं पितळेच्या भांड्यात लाकडाच्या मुसळीनं, लोखंड त्या अंगाले आनाचं नाई. नायलानचं कापड घालाचं नाई, निव्वळ सुती. बाईनं बांगड्या काढून याचं. अन् सर्वात मोठा कायदा, कुटाच्या दिवशी घरात भांडन नाई, रागाचा हात जोरानं पडते म्हून. शकीलाबी म्हने, तुमी रोजच कुटत जा, तेवढाच एक दिवस या घरात शांतीचा. तं असा कायदा असला तं मी त्याच्या पाया पडतो. पन हा जो दुसरा आला ना, गाडीत बसून, त्याची मले घिन येते. खरं सांगतो, वकारी येते.

पयले साल दर साल परवाना भेटे. साहेब ये, पाहे, चहा पे, जाये. शेड आमची गावापासून लांब, वावरात, चहूकडून मोकळी. बापानं मुद्दाम लांब बांधेल. मंग झालं काय, आमच्या यात्रा कमिटीचा अध्यक्ष हाय पप्पू, तरनाताठा, चांगल्या घरचा, चष्मा डोयावर कमी अन् कपाळावर जास्त. त्याच्या बापानं शेडाच्या बाजूचं वावर घेतलं अन् पलाट पाडले. पलाटावर घरं झाले, घराले वसरी झाली, वसरी माह्या शेडाच्या अंगाले आली. आता साहेब येते अन् म्हन्ते गफूरभाई, तुमची शेड वस्तीच्या जवळ हाय, कायद्यात बसत नाई. म्या म्हनलं साहेब, शेड चालत गेली नाई गावाकडं, गाव चालत आलं शेडाकडं, त्या गावाले विचारा ना परवाना हाय का. साहेब म्हने ते आमच्याकडं येत नाई. बोलता बोलता त्यानं खिसे चाचपले अन् मले म्हने, माचीस हाय का हो? सिगारेट तोंडात, अन् उभा कुठं, तं सरकारनंच लावाले लावेल त्या विडी-सिगारेट मना हाय वाल्या पाटीच्या खाली! म्या हात जोडले. म्हनलं साहेब, आमच्या घरात माचीस धुऱ्यावरच्या निंबाखाली पुरून ठेवतात, जाऊन उकरून घ्या. तो खरंच गेला अन् पायानं माती उकरून राह्यला, मी पाहून राह्यलो.

मंग अट आली का बत्ती देताना इस्तो इझवाची गाडी हजर पायजे. बरं, एका साली आनली गाडी. आमच्या नाल्यातच रुतली. आमच्या खानदानाच्या नशिबात सरकारचं सामान गाळात रुतनं लिहेलच हाय. किसननं बैलं जुंपले, गाडी काढली, अन् तवर गावातल्या बायाईनं घागरी आनून तिच्यातलं सारं पानी भरून नेलं, कारन नळाले पानीच नव्हतं. बिचारी गाडी कोरडी ठक्क उभी राह्यली देवळाम्होरं, अन् आमी कायद्यानं बार केला.

अन् दुसरीकडं पाहा काय चाललं. विहीर फोडाच्या कांड्या मोटरसायकलच्या थैलीत टमाट्याखाली घालून नेतात. पानठेल्यावर सुताळी बॉम्ब, तंबाखूचा खर्राबी तथीच अन् बॉम्बबी तथीच. रोही अन् डुकरं हाकलाले ते पाइपाच्या बंदुका आल्या, पोट्टे त्याच्या तोंडात डोया घालून पाहातात बार काहून होत नाई म्हून, अन् मंग एका डोयानं घरी येतात. सांगू का, या जमादाराचा सायाच, बायकोचा भाऊच, इकते त्या बंदुका, बाजाराच्या दिवशी, कांद्याच्या ढिगाशेजारी. अन् डीजे! गेल्या यात्रेले डीजे असा वाजला का देवळाचं पलस्तर पडलं, किसनच्या गोठ्यातल्या गाईनं दूध देनं सोडलं, माह्या शेजाऱ्याचे नवे दात तोंडातल्या तोंडात नाचाले लागले. त्याले कोनी मोजलं नाई. मोजाचं मशीन आनेल होतं म्हन्तात, पन त्याचा काटा पयल्याच गान्यात तुटून कोनाच्या तरी भजात पडला. अन् आवाज कोनाचा जास्त? तं सालातून एक वेळ, एका दमाचा, गफूरभाईच्या उखळीचा! थू.

या साली मी परवानगी मांगाले हापिसात गेलो. साहेब नवा, बोलाले गोड. म्हने चाचा, परंपरा हाय, आमी नाई कसं म्हनू, देतो परवानगी, फक्त आवाज झाला नाई पायजे, धूर झाला नाई पायजे, अन् राख पडली नाई पायजे. म्या म्हनलं साहेब, मंग मी तथी जाऊन नुसता उभा राहू? साहेब म्हने हाव, उभं राहाले काई हरकत नाई. इमानानं सांगतो, हसला नाई तो. खरोखर सांगून राह्यला होता.

घरी आलो तं पप्पू वट्ट्यावर बसेल. चाचा, टेन्शन नका घेऊ म्हने, मी थंडी आतषबाजी आनून राह्यलो वाशिमहून, माह्या साडूचीच हाय. त्यानं मोबाइलात दाखोली. काळं खोकं, वायर लावाची, बटन दाबाचं, वरून चांदीवानी फुलं उडतात. आवाज नाई, धूर नाई. हात घाला चाचा म्हने त्याच्यात, पोळत नाई. आता काय सांगू तुमाले. पोळत नाई तो इस्तो? बैल बडवतात, खच्ची करतात ना, तसा कोनं तरी इस्तो बडवला अन् खोक्यात बांधून ठेवला. मले असं शिसारल्यावानी झालं का मी उठून चूळ भरून आलो. म्या म्हनलं पप्पू बेटा, याच्यानं नाथबाबा जागे होनार नाईत. तो म्हने चाचा, बाबाले सोडा, लोक मोबाइल काढतात का नाई ते पाहा. अन् जाता जाता हळूच म्हने, या साली खोक्यावर भागलं तं मंग उखळीचं कामच काय अन् शेडाचं तरी काय? म्हनजे तुमाले समजलं ना? बार गेला का मान गेला, मान गेला का परवाना, परवाना गेला का शेड, अन् शेड गेली का पप्पूच्या बापाचा पुढचा पलाट.

त्याच दिवशी किसन आला. किसन माह्या जोडीचा, आमी एका म्हशीवर बसून शाळा बुडोली. उखळी आंगनात होती, तिच्यावर त्यानं हात ठेवला. गफूर म्हने, कोनी काई म्हनो, बार नाई तं पाऊल नाई. माह्या बापानं उचललं नाई, मी उचलनार नाई, खांद्यावर पालखी वाळून जाईन पन किसन हलनार नाई. माह्या डोयाले पानी आलं, म्या सांगतलं कोळसा गेला डोयात. त्या रातीच्या आंधी म्या ठरोलं, उखळी भराची. उचलून नेलं ठान्यात तं नेलं, बाप म्हने तसं, इस्त्याच्या मानसानं इस्त्याले भ्याचं, दुसऱ्या कोनाले नाई.

तं असा मी पुनवेच्या दिवशी दिवे लागाच्या वखती उखळी घेऊन उभा. पालखी उठली. भोयाईनं खांद्यावर घेतली. म्या पलिता पेटोला, अन् हा जमादार गर्दीतून असा आला जसा हेला पान्याकडं येते, अन् धपकन बसला. म्या हळूच कानापाशी जाऊन सांगतलं, साहेब उठा, भरेल हाय. तो म्हने माहीत हाय, म्हूनच बसलो. म्या म्हनलं साहेब, मसाल्याले गरमी चालत नाई अन् तुमचं अंग लय गरम. तो म्हने चाचा, माह्याशी गमती नका करू, ईदीले तुमच्या घरचा शीरखुर्मा खातो मी, पन नोकरी खीर खाऊन चालत नाई. इकडून किसन वरडून राह्यला बत्ती दे, इकडून मी जमादाराच्या पाया पडून राह्यलो, अन् पप्पू माइकवर, चाचाईनं सहकार्य करावं, चाचाईनं सहकार्य करावं, पालखी पुढं घ्या, अन् त्यानं बटन दाबलं. दोन्ही अंगाले खोके सुरू झाले. फुस्स. चांदीचे फुलं उडाले. लोकाईनं मोबाइल काढले. पोट्टे हात घालून पाहून राह्यले, पोळत नाई रे, पोळत नाई.

पालखी जागची हलली नाई. पप्पू म्हने चला ना किसनकाका. किसन म्हने, बार नाई तं पाऊल नाई. मानूस असा उभा, जसा शिवेवरचा गोटा. माही छाती एवढी फुगली का माह्या सदऱ्याची गुंडी तुटून जमादाराच्या टोपीले लागली. म्या म्हनलं आता उठते हा, आता गावच उठोते याले. बायाबी म्हनाले लागल्या, ओ जमादार, उठा ना, देवाचं खोळंबून राह्यलं.

पप्पूले राग आला. पोट्ट्याचा राग, जोरानं हात पडला. त्यानं राह्यलेले सारे खोके एकदम सुरू केले, रोषनाई सुरू केली, डीजेलेबी म्हने लाव, अन् हे सारं कशावर चालेल, तं देवळामांगच्या लाइटच्या डीपीवर, वरून आकडा टाकून. ती डीपी बिचारी गावाचे दिवे अन् गिरनीच कशीबशी ओढे, उन्हाळ्यात तं कन्हत राहे. ती पयले गुरगुरली. मंग तिच्यातून निळा उजीड निंघाला. अन् मंग, भाऊ, असा आवाज झाला, असा आवाज झाला का मी आतषबाजाची अवलाद, माह्या बापाचा बार आयकून वाढेल, पन म्या असा आवाज आयकला नाई. वडावरचे बगळे उडाले ते आजून आले नाई. पैनगंगेतली तोफ गाळात दोन हात आत गेली असन भेवानं. आवाज नाई, धूर नाई, राख नाई वाल्या आतषबाजीनं जो आवाज केला, जो धूर केला, अन् पप्पूच्या पांढऱ्या शर्टावर जी काजळी पाडली, त्याले तोड नाई.

अन् जमादार! तो तं भरल्या उखळीवर बसेल. त्याले काय वाटलं असन? आवाज मांगून आला, पन त्याले वाटला खालून आला. तो असा उडाला, मांडी घातल्या मांडी घातल्याच उडाला, मी सांगतो तुमाले, पालखीच्या छतराइतका वर गेला, तथून त्यानं आपल्या सायाच्या नावानं हाक मारली अन् खाली आला तं उभ्यानं आला. सारीकडं अंधार. दिवे गेले, डीजे मेला, खोके मेले. गावात एकच उजीड, माह्या हातातला पलिता. जमादारानं माहा हात धरला, दुसऱ्या हातानं सोताले मांगून चाचपलं, चाचा म्हने, पाहा ना उलसक, सारं जाग्यावर हाय का? म्या पलिता धरून पाह्यलं, म्हनलं हाय साहेब, जसंच्या तसं हाय. म्हने तुमची उडाली का? म्या म्हनलं नाई, ती आजून भरेलच हाय, बसा. तो बसला नाई.

म्या म्हनलं आता, आता भेटला मोका, वाकलो, पलिता उखळीच्या कानाकडं, बत्तीच्या भोकाकडं नेला. अन् मांगून आवाज आला, नाथबाबा महाराज की जय. ढोल सुरू झाला. म्या मान वळोली. पालखी चालली होती.

किसननं पाऊल उचललं होतं. अंधारात मले त्याची पाठ दिसली, पांढरा पटका दिसला, पालखी डुलत डुलत वळनावरून गेली अन् मांगून सारं गाव गेलं. मी, उखळी अन् जमादार, तिघंच राह्यलो. मी जमादाराले इचारलं, साहेब, याची कोनी परवानगी घेतली होती, या आवाजाची? तो टोपी झटकत म्हने, ते आमच्याकडं येत नाई चाचा, ते लाइटवाल्याईकडं येते.

भरेल उखळी घरी नेता येत नाई. बार तं कराचा नाई, देव निंघून गेल्यावर बार कोनासाठी? म्या हापशीवरून लोटाभर पानी आनलं अन् उखळीत ओतलं. आमच्या खानदानात उखळीत पानी ओतनारा मी पयला. काळा चिखल झाला त्याचा, तुराटीचा कोळसा, निवडून निवडून घेतेल, कुटेल, त्या दिवशी घरात कोनी मोठ्यानं बोललं नव्हतं. तो चिखल हातानं काढला. मले वास आला अन् खरंच वकारी झाली, तथीच, देवळाच्या भिताडाले धरून.

अन् नारळाचं सांगू? आयका. गावात बैठक बसली अंधारातच, कंदील लावून. म्हने आवाज झाला तं खरा, बाबा जागे झाले तं खरे, मंग नारळ कुठं फोडाचा? म्हातारे म्हने, जथून आवाज निंघाला तथी. अन् डीपीच्या खांबाले नारळ फोडला लेकाईनं! कुंकू लावलं खांबाले. अर्धा किसनच्या घरी गेला, अन् अर्धा तो लाइनमन घेऊन गेला जो डीपी पाहाले आलता. त्याले का माहीत का कायचा हाय, तो पिशवीत टाकून गेला, म्हने डीपी आता लवकर भेटत नाई.

हे खोटं असतं तं मले बरं वाटलं असतं. मी एवढ्या गोष्टी सांगतो, लोक म्हन्तात गफूरभाई फेकते, पन ही जी सर्वात मोठी फेकल्यावानी वाटते ना, हीच खरी हाय.

आता गाव अंधारात हाय. गव्हाले पानी नाई, गिरनी बंद, दळन मेडशीले न्या लागते, अन् शिव्या कोनाले? तं नशिबाले. पप्पूले नाई. पप्पूनं वाशिमहून जनरेटर आनाचं ठरोलं, पुढच्या यात्रेले त्याच्यावर आजून खोके चालतीन म्हने. शेडाचं काय होते काजून. उखळी कोंबड्याच्या खुराड्यापाशी उलटी पडेल हाय, एक लाल कोंबडी रोज तिच्यावर बसते, जमादारावानीच, पन ही तरी अंडं देते. शकीलाबी म्हन्ते सोडा आता, वय झालं, बाबाले झोपू द्या. झोपू द्या. नाथबाबा सुखात राहो, गाव सुखात राहो, पप्पूबी राहो, माही कोनाले बद्दुआ नाई. एवढं मातर हाय का या साली करंज्या आल्या नाई, अन् आमची वाटी गेली नाई.

मले फक्त एकाच गोष्टीनं झोप येत नव्हती. म्हून मी परवा किसनकडं गेलो. तो गोठ्यात होता, गाईले चारा टाकून राह्यला होता, सदरा काढेल, खांद्यावर दांडीचे वळ आजून तसेच, काळेनिळे. मी उभा राह्यलो. मंग म्या म्हनलं, किसन, तो आवाज माहा नव्हता, तुले माहीत होतं. लोकाईले नसन समजलं, पप्पूले नसन, तू एवढे साल माह्या बारानं पाऊल उचललं, तुले माह्या बारात अन् डीपीत फरक समजत नाई असं मले सांगू नको. समजला ना तुले? त्यानं मान हालोली, हाव म्हने, समजला. मंग काहून उचललं बे पाऊल?

किसननं चाऱ्याची पेंढी सोडली, गाईम्होरं पसरली, अन् म्हने, खांदे दुखून राह्यले होते.